ओआर५१ई२ साठी अँटीबॉडी कोणती घ्यावी? (सोलापूर, बजेट बेताचं)

माळरान: नमस्कार मंडळी. सोलापुरात पीएचडी करतोय. प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींत ओआर५१ई२ दाखवायचंय. आहे वासाचा रिसेप्टर, पण प्रोस्टेटमध्ये इतका सापडतो की त्याला पीएसजीआर (प्रोस्टेट-स्पेसिफिक जी-प्रोटीन कपल्ड रिसेप्टर) असंही म्हणतात. कॅटलॉगमध्ये त्याला चिकटून तो दाखवणाऱ्या पुष्कळ अँटीबॉडी आहेत आणि प्रत्येकीच्या पानावर एकच सुबक बँड (पट्टी)! गाईड म्हणतात, एकदाच मागव, परत पैसे नाहीत. वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटीबॉडीने हवं ते ओळखणं) तर करायचाच आहे, जमलं तर फ्लुरोसन्सही (पेशींतच चमकती खूण बघणं). कोणती घेऊ?

नळस्टॉप: कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. माणसात वासाचे सुमारे ४०० रिसेप्टर चालू आहेत, त्यातले कितीतरी एकमेकांशी मिळतेजुळते. ओआर५१ई१ तर याचा सख्खा भाऊच. त्यामुळे आधी इम्युनोजेन बघ. अँटीबॉडी ज्या तुकड्याविरुद्ध बनवली, त्याचा क्रम घेऊन ब्लास्ट कर, म्हणजे डेटाबेसमधल्या इतर प्रथिनांशी ताडून बघ. क्रम 'गोपनीय' असेल तर ते पान सरळ बंद कर.

फ्लुरोसन्ससाठी आणखी एक. या प्रथिनाच्या दोन टोकांपैकी एन-टोक पेशीच्या बाहेर असतं, सी-टोक आत. सी-टोकाची अँटीबॉडी घेतलीस तर पेशींना डिटर्जंटने छिद्रं पाडल्याशिवाय काही दिसणार नाही. २०२३ मध्ये या रिसेप्टरची, त्याला चिकटणाऱ्या प्रोपिओनेट रेणूसकट, रचना प्रसिद्ध झाली आहे, ती समोर ठेवून तुकडा कुठे बसतो ते बघ.

माळरान: धन्यवाद सर. सोबत ब्लॉकिंग पेप्टाइड (अँटीबॉडी ज्याविरुद्ध बनवली तोच तुकडा) घेतलं की कंट्रोल झालं ना?

नळस्टॉप: नाही झालं. पेप्टाइडने अँटीबॉडीची जागाच अडते, मग खरा बँड जातो तसा खोटाही जातो. एलएनकॅप या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींत हा रिसेप्टर भरपूर असतो. त्यात एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) देऊन बँड फिका पडतो का बघ. शिवाय एचईके२९३टी या पेशींमध्ये एकीकडे रिकामा प्लास्मिड (जनुक पेशीत नेणारा डीएनए), दुसरीकडे फ्लॅग टॅग (ओळखीचा छोटा तुकडा) लावलेला ओआर५१ई२. फ्लॅगची अँटीबॉडी आणि तुझी, दोघींनी एकच बँड दाखवला तर पुढे बोलू.

दयानंदची_ताई: अरे, सॅम्पल उकळू नकोस बाबा! हे प्रथिन पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जातं. ९५ अंशांवर ठेवलंस की गोळा होऊन जेलच्या वरच अडकतं, आणि सगळे अँटीबॉडीला शिव्या घालत बसतात. ३७ अंशांवर अर्धा तास पुरे. बँड साधारण ३५ किलोडाल्टनच्या आसपास शोध, साखरेच्या साखळ्यांमुळे थोडा वर आणि पसरटही दिसेल.

आरटी-पीसीआर (आरएनएवरून जनुक चालू आहे का बघणं) करणार असशील तर डीएनएझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) दे आणि आरटी-विना, म्हणजे आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम न घातलेला, कंट्रोल लाव. या जनुकांचा कोडिंग भाग एकाच एक्झॉनमध्ये (सलग तुकड्यात) असतो, त्यामुळे जीनोमिक डीएनए राहिला तर अगदी त्याच लांबीचा तुकडा येतो.

शेंगाचटणी: सोलापूरकर म्हणून सांगतो, एप्रिल-मेमध्ये मागवू नका राव. इथं पारा चाळिशीपार जातो. पार्सल सोमवारी निघेल असं डीलरकडून लिहून घ्या. शुक्रवारी निघालं तर रविवारभर कुणाच्या तरी गोदामात तापत पडणार. आल्या आल्या छोटे अॅलिक्वॉट (वाटे) करा आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरात ठेवू नका. आणि हो, २० मायक्रोलिटरचा छोटा पॅक आहे का विचारा. बऱ्याच कंपन्यांकडे असतो, पण कोटेशनमध्ये डीलर १०० चाच टाकतो.

माळरान: छोट्या पॅकचं माहीतच नव्हतं! मग आधी प्लास्मिड आणि एसआयआरएनए, उरलेल्या पैशांत दोन वेगवेगळ्या तुकड्यांच्या अँटीबॉडी, दोन्ही छोटे पॅक. एलएनकॅप कुठून आणू?

नळस्टॉप: पुण्यात एनसीसीएसकडे (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल लाइनचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा, साठा आहे. आधी मेल टाकून उपलब्ध आहे का विचार, मग विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र जोड. पेशी आल्या की मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारे जिवाणू) तपासूनच पुढे जा.