परदेशातून एकिनॉप्सिस निवडुंगाचे हायब्रिड मागवायचे आहेत, रीतसर मार्ग कोणता?

गच्चीबाग_नाशिक

नमस्कार मंडळी. माझ्या गच्चीवर निम्म्याहून जास्त कुंड्या एकिनॉप्सिसच्या आहेत. आपल्याकडे घरोघरी दिसतो तो पांढऱ्या-गुलाबी फुलांचा साधा प्रकार, त्याचीच पिलं (बुडाशी फुटणारी रोपं) वाढवत वाढवत इथवर आले. आता जीव जडलाय तो शिक हायब्रिडवर. कॅलिफोर्नियात हॅरी जॉन्सन यांनी केलेले 'पॅरामाउंट' संकर हाताशी धरून बॉब शिक यांनी हंटिंग्टन बोटॅनिकल गार्डनमध्ये पुढचे संकर केले, त्यातली ही झाडं. 'कॅबरे', 'डेड्रीम', 'जून नून'... फोटो बघून झोप उडते. एकेक फूल तळहाताएवढं, काहींच्या पाकळीच्या मधोमध दुसऱ्याच रंगाचा पट्टा.

एका परदेशी विक्रेत्याशी बोलणं झालं. तो म्हणतो, "पार्सलवर प्लास्टिकची शोभेची वस्तू असं लिहून पाठवतो, कागदपत्रं कशाला?" मला ते पटलेलं नाही. दुसरा एक जण 'कॅबरे'चा फोटो लावून बिया विकतोय. शिवाय माझा भाचा फ्रँकफर्टला असतो, डिसेंबरात येतोय. त्याच्या बॅगेतून दोन-चार पिलं आणली तर चालतील का? कोणी रीतसर मागवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

खुंटकलम (पुणे)

ताई, आधी बियांचं सांगतो, कारण तिथे पैसे हमखास बुडतात. नाव असलेला हायब्रिड म्हणजे एकच झाड. 'कॅबरे' जगात जिथे कुठे आहे तिथे ते त्या पहिल्या झाडाचं पिलू किंवा कलम आहे. त्याच्या बीतून जे उगवेल ते त्याचं अपत्य, रंग कुठलाही निघेल. फोटो 'कॅबरे'चा लावून बी विकणारा फसवतोय. बी विकणाऱ्याने आई-बाप दोन्ही लिहिले असतील तर मात्र ते बी मोलाचं.

आता कागद. पेरेस्कियासारखे मोजके अपवाद सोडले तर अख्खं निवडुंग कुळ साइटिस कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्टांत आहे. बहुतेक सगळे दुसऱ्या परिशिष्टात. एरिओकार्पस, डिस्कोकॅक्टस, अॅस्ट्रोफायटम अॅस्टेरिआस असे काही पहिल्यात, म्हणजे जास्त कडक यादीत. झाड नर्सरीत जन्मलं, संकर आहे, म्हणून सुटत नाही. (ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर कलम केलेले ते लाल-पिवळे मून कॅक्टस सुटतात, पण ते तुम्हाला नकोच आहेत.) आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीने साइटिस थेट वन्यजीव कायद्यात आलं आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. त्यामुळे पाठवणाऱ्या देशाचा साइटिसचा कागद हवाच.

त्याच्या जोडीला २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश, बाहेरच्या झाडांबरोबर कीड-रोग येऊ नयेत म्हणून. आपलं इम्पोर्ट परमिट झाड तिकडून निघायच्या आधी हातात पाहिजे, नंतर काढून भागत नाही. तिकडच्या कृषी खात्याचं फायटो (झाड निरोगी असल्याचा दाखला) हवं, आणि मुळांना मातीचा कणही नको. बियांना साइटिसमध्ये बरीच सूट आहे (मेक्सिकोहून येणाऱ्या निवडुंगाच्या बियांना नाही), पण परमिट आणि फायटो बियांनाही लागतं.

भाच्याला यात अजिबात ओढू नका. सामानातून आणलेल्या जिवंत झाडालाही हेच नियम आहेत. विमानतळावर झाडं जप्त होतील आणि त्या पोराच्या मागे चौकशी लागेल. प्लास्टिकची वस्तू लिहिणाऱ्याला तर उत्तरही देऊ नका. पार्सल पकडलं गेलं तर नाव तुमचं असतं.

फायटोचा खर्च एका पार्सलमागे असतो, झाडामागे नाही. म्हणून तीन-चार जणांनी मिळून, आधीपासून आयात करणाऱ्या नर्सरीमार्फत मागवणं परवडतं. वेळ अशी धरा की तिकडची थंडी संपलेली असेल आणि आपल्याकडे पाऊस लागलेला नसेल. डिसेंबरात पिलू तिकडेच गोठायचं, जुलैत इथे येऊन कुजायचं.

पार्सल आलं की झाड सुरकुतलेलं दिसेल, धारा (अंगावरच्या उभ्या कडा) आत ओढलेल्या, मुळं छाटलेली. घाबरून पाणी घालू नका. प्रवासात ते आठवडेच्या आठवडे तसंच राहू शकतं. धारांच्या खाचा आणि मुळाचा गळा भिंगाखाली बघा. कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते मिलीबग (पिठ्या ढेकूण). पहिले काही महिने बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा. कोरड्या प्युमिसमध्ये (हलक्या, सच्छिद्र दगडाच्या खड्यांत) बसवा, सावलीत ठेवा, नवी मुळं दिसली की मगच पाणी.

डोंबिवलीकर

कागदांचा जाच वाटत असेल तर एक आठवण करून देतो. २०२० मध्ये इटलीत एका संग्राहकाकडे हजारावर कोपियापोआ आणि एरिओसायसे निवडुंग सापडले, चिलीच्या वाळवंटातून उपटलेले. पुढच्या वर्षी त्यातले आठशेच्या वर परत चिलीला पाठवावे लागले. तपासणाऱ्या माणसाला लेबल वाचून काय कळणार, झाड नर्सरीतलं की डोंगरावरचं? कागदावरूनच कळतं.

आणि ताई, हवा तुमच्या बाजूने आहे. इथे डोंबिवलीत माझे एकिनॉप्सिस नुसते वाढतात, कळ्या नावालाच. त्यांना थंड, कोरडा हिवाळा लागतो, तो तुमच्या नाशिकला आहे. त्यामुळे मी जिम्नोकॅलिशियम या दुसऱ्या निवडुंगाकडे वळलो, त्याच्या थायलंडमधल्या 'एलबी' नावाच्या संकरांचं वेड लागलंय.

गच्चीबाग_नाशिक

खूप आभार दोघांचे. विक्रेत्याला 'नको' म्हणून कळवलं, भाच्यालाही. खुंटकलमदादा, नावांचा हट्ट सोडून आई-बाप लिहिलेलं बी आणलं तर फूल बघायला किती वर्षं थांबायचं?

खुंटकलम (पुणे)

आपल्या मुळांवर तीन-चार वर्षं, कलम केलं तर त्याआधी. ड्रॅगनफ्रूटचा खुंट नाशिकला सहज मिळतो. खुंट धारदार ब्लेडने आडवा कापा. मधोमध फिकट गोल कडी दिसेल, तशीच रोपाच्या कापावर असते, फक्त लहान. दोन्ही कड्या कुठेतरी एकमेकींना टेकल्या पाहिजेत, नाहीतर कलम धरत नाही. रबरबँड लावून सावलीत ठेवा.

आणि बी येईपर्यंत हात बांधून बसू नका. एकिनॉप्सिसचं फूल संध्याकाळी उमलतं, दुसऱ्या दुपारपर्यंत मान टाकतं. एकाच झाडाचे पराग त्याच झाडाला सहसा लागत नाहीत, आणि तुमची सगळी झाडं एकाच आईची पिलं दिसतायत. माझ्याकडे नारिंगी लोबिव्हिया (एकिनॉप्सिसचाच जवळचा भाऊबंद) आणि एक गर्द लाल पॅरामाउंट आहे. मार्चात कळ्या दिसल्या की कळवा. पराग कोरडे करून डबीत घालून देतो, फ्रीजमध्ये टिकतात. डबी घ्यायला मात्र पुण्याला यावं लागेल, कुरिअरच्या उन्हावर माझा भरवसा नाही.