पत्र्याच्या छपरावर ४० मीटर बँडचा डायपोल: मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. मी बेळगावजवळच्या खानापूरचा, हौशी (हॅम) रेडिओवाला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे स्लॅबवरही पत्रे चढवलेत. त्यावर हातभर उंचीवर ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना) ताणलाय, साधारण २० मीटर लांब, म्हणजे ४० मीटर तरंगलांबीच्या निम्मा. एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) ३ च्या खाली येईना. तार कापून फक्त रेझोनन्स (तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) सरकतो. पत्र्यात उलटा प्रवाह वाहतो, म्हणून अँटेनाचा इंपिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) केबलच्या ५० ओहमच्या बराच खाली जातो, एवढं कळलंय. ट्यूनर (ही जुळवणी करणारा डबा) लावून रेडिओ खूश होईल, पण तार उंच होणार नाही!

कोल्हापूर-धारवाडपुरतं बोलायचं तर सिग्नल सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वरच्या वातावरणातून) परत आलेला चालेल. पण पाव तरंगलांबी म्हणजे १० मीटर उंची इथल्या वाऱ्यात बांबूवर जमेल का? मधोमध उंच, टोकं खाली असा इन्व्हर्टेड व्ही कुणी पत्र्यावर लावलाय?

दुसरं, १४५ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या मीटरचा व्हर्टिकल (उभी अँटेना) लावून पत्राच ग्राउंड प्लेन (तिच्याखालचा धातूचा पाया) करावा म्हणतो. पत्रे रंगीत आहेत, स्क्रूभोवती गंज धरलाय. रंग खरवडून पत्रे तारेने जोडावेत का? गंजलेले जोड डायोडसारखे (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखे) वागून खरखर वाढवतात, ती भीती आहे.

सीमाभागात कुणी केलं असेल तर फोटो टाका राव.