मदत हवी आहे: १६३ आमदार हाताशी असूनही आमची आघाडी चौथ्या आठवड्यात का फुटली?

मंडळी, नमस्कार.

गेलं दीड वर्ष मी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचा एक राजकीय सिम्युलेशन खेळ खेळते आहे. मराठी मंडळींनीच चालवलेला आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण मला इथे कुणावर दोष ढकलायचा नाही. आमचं चुकलं कुठे एवढंच समजून घ्यायचं आहे. पुढची निवडणूक तीन आठवड्यांवर आली आहे आणि हे कोडं सुटल्याशिवाय पुन्हा आघाडीच्या बैठकीला बसायची माझी हिंमत होत नाही.

खेळ थोडक्यात सांगते. विधानसभा महाराष्ट्राची, जागा २८८, बहुमत १४५. पाच वर्षांचा कार्यकाळ दहा आठवड्यांत संपतो. खेळाडू भाषणं, जाहीरनामे, मतदारसंघांचे दौरे लिहितात, संचालक त्यांना गुण देतात आणि त्यावर जागा ठरतात. राज्यपाल हा संचालकांपैकीच एक. नियम बहुतेक खरेच घेतलेत. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपलीकडे नेता येत नाही, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. पक्षांतरबंदी २००३ च्या घटनादुरुस्तीनंतरची आहे, त्यामुळे एक तृतीयांश आमदार घेऊन फुटण्याची सोय नाही.

पक्षांना आम्ही चिन्हांवरूनच हाक मारतो. निकाल असा लागला: शिडी १०४, नांगर ७१, रहाट ६२, होडी ३०, आणि अपक्षांचा गट २१ (तो एकच खेळाडू सांभाळतो). मी रहाटची अध्यक्ष. नांगर, रहाट आणि होडी अशी आमची निवडणूकपूर्व आघाडी होती, बेरीज १६३. त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत व्हॉइस चॅनलवर होतो. होडीचे नेते निवृत्त शिक्षक आहेत, सिंधुदुर्गातले. त्यांना सगळेच 'सर' म्हणतात. सरांनी त्या रात्री आम्हाला त्यांच्या पहिल्या प्रचारसभेचं भाषण पुन्हा वाचून दाखवलं होतं.

मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं ठरलं. पहिले पाच आठवडे नांगर, पुढचे पाच आम्ही. हे नांगरच्या नेत्याचं आणि माझं खाजगी निरोपांत ठरलं. तो माझा कॉलेजपासूनचा मित्र आहे, त्यामुळे लिहून ठेवावं असं दोघांनाही वाटलं नाही. सरांना सांगायचं राहिलं. लपवायचं असं मनात नव्हतं, पण राहिलं हे खरं.

खातेवाटप आमदारांच्या प्रमाणात करायचं ठरलं होतं. हिशोबाने नांगरला १९, आम्हाला १६ आणि होडीला ८ येत होती. आम्ही आमची १९ आणि १६ पूर्ण घेतली. होडीला ६ दिली आणि दोन जागा 'विस्तारात देऊ' म्हणून रिकाम्या ठेवल्या. होडीने मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही दोन्ही खाती मागितली होती. मत्स्यव्यवसाय दिलं. बंदरे नांगरने ठेवून घेतलं, कारण खेळात त्या खात्याला निधी जास्त मिळतो. यादी लागली तेव्हा सरांनी आघाडीच्या चॅनलवर एकच ओळ लिहिली: "मासे आमच्याकडे, बंदर तुमच्याकडे." आम्ही दोघांनी त्यावर हसण्याची चिन्हं टाकली. मला वाटलं, सर गमतीत बोलताहेत.

नंतरचे तीन आठवडे सर त्या चॅनलवर जवळजवळ आलेच नाहीत. विधेयकांवर मत देत होते, बाकी काही नाही. चौथ्या आठवड्यात शिडीच्या एका खेळाडूने खुल्या चॅनलवर अडीच वर्षांच्या कराराबद्दल विचारलं. त्याला कुठून कळलं ते आजही माहीत नाही. मी उत्तर काय द्यावं याचा विचार करत होते, तेवढ्यात नांगरच्या नेत्याने "असा कुठलाही करार नाही" असं लिहून टाकलं. त्याच रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी होडीचं पाठिंबा काढल्याचं पत्र राज्यपालांकडे गेलं. एरवी मला 'अध्यक्षीणबाई' म्हणणाऱ्या सरांनी त्या पत्राची प्रत मला पाठवली, वर 'मा. अध्यक्ष, रहाट पक्ष' असं लिहून. पत्र चार ओळींचं. कारण काही दिलेलं नव्हतं.

राज्यपालांनी २४ तासांत विश्वासदर्शक ठराव घ्यायला लावला. विधानसभा अध्यक्ष आमच्या पक्षाचा असल्याने त्याचं मत धरलं गेलं नाही. १३२ विरुद्ध १५५ ने सरकार पडलं. शिडी, होडी आणि अपक्ष असं नवं सरकार आलं आणि बंदरे खातं सरांकडे गेलं.

आमच्या पक्षातले बरेच जण म्हणतात की सर खात्यासाठी विकले गेले. मला ते पटत नाही. दीड वर्षात या माणसाने एकदाही शब्द फिरवलेला मी पाहिलेला नाही. नांगरवाले म्हणतात, नियमच चुकीचा, निवडणूकपूर्व आघाडीलाही पक्षांतरबंदी लावायला हवी. पण खऱ्या सभागृहातही व्हिप (मत कसं द्यायचं याचा आदेश) पक्षाचा असतो, आघाडीचा नसतो. २०१९ मध्ये भाजपचे १०५ आणि शिवसेनेचे ५६ मिळून १६१ होत होते, तरीही अडीच वर्षांच्या शब्दावरून युती तुटलीच की. तिथे तर असं काही ठरलं होतं की नव्हतं, यावरच दोन्ही बाजूंचं एकमत झालं नाही. आमच्या १६३ चं झालं तेही त्याच वळणाने गेलं असं मला वाटत राहतं, फक्त आमच्याकडे तिसरा भिडू दुखावला गेला.

जाणकारांनी कृपया सांगावं. खात्यांचं वाटप आमदारांच्या प्रमाणात करणं मुळातच चूक होतं का? सरकार पडलं ते बंदर खात्यामुळे, रिकाम्या ठेवलेल्या दोन जागांमुळे, की लपून राहिलेल्या करारामुळे? आणि मुख्य म्हणजे, सरांशी पुन्हा आघाडीची बोलणी करायची तर सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १:

ताई, मी वेंगुर्ल्याचा. राजकारणातलं मला फार कळत नाही, पण सरांची ती ओळ मला लगेच कळली. बोट रात्रभर समुद्रात असली तरी पहाटे ती लागते जेट्टीला. लिलाव तिथे, बर्फ तिथे, डिझेल तिथे. जेट्टी मोडकी असेल तर मासेवाला मत्स्यमंत्र्याला शिव्या घालतो, पण दुरुस्तीची फाईल बंदरवाल्याच्या टेबलावर. म्हणजे सरांना तुम्ही लोकांची बोलणी खायचं खातं दिलंत आणि काम करायचं खातं दुसऱ्याला दिलंत. खऱ्या सरकारातही डिसेंबर २०२४ मध्ये मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे दिली गेली. सरांनी मागितलं ते अवास्तव नव्हतं. तुम्ही हसलात तिथेच होडी सुटली, असं माझं मत.

प्रतिसाद २:

मी तुमचे आकडे कागदावर मांडून पाहिले. १४५ गाठणाऱ्या सगळ्या जोड्या काढल्या आणि प्रत्येक जोडीत कोण बाहेर पडलं तर बहुमत जातं ते मोजलं. याला बान्झाफ निर्देशांक म्हणतात, १९६५ पासून वापरात आहे. उत्तर असं येतं: शिडी १०, नांगर ६, रहाट ६, होडी २, अपक्ष २.

नांगरचे ७१ आणि तुमचे ६२ यात काडीचाही फरक नाही. होडीचे ३० आणि अपक्षांचे २१ यातही नाही. होडीला सत्तेत राहायचे दोनच किमान मार्ग होते: तुम्ही दोघं, किंवा शिडी अधिक अपक्ष. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी बाजारात उभं राहिलं तर होडीची किंमत कमी होती. पण तुम्ही तिघं एकदा सत्तेत बसल्यावर चित्र पालटलं. १६३ मधून तिघांपैकी कुणीही उठलं की सरकार पडणार. तिघांचा नकाराधिकार सारखा. तुम्ही मात्र सरांना बाजारातला जुना भाव लावत राहिलात.

प्रमाणात वाटप करणं चूक नाही. विल्यम गॅमसन यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं की भागीदार आपण आणलेल्या वाट्याच्या प्रमाणात मोबदल्याची अपेक्षा धरतात. म्हणजे सरांची अपेक्षा ८ ची असणार, आणि तुमच्या स्वतःच्या हिशोबानेही ८ च येत होती. दोन रिकाम्या ठेवल्यात, त्याही फक्त त्यांच्याच.

आणखी एक. अपक्षांना पहिल्याच दिवशी का विचारलं नाही? त्यांना घेतलं असतं तर १८४ झाले असते आणि मग एकटी होडी किंवा एकटे अपक्ष सरकार पाडू शकले नसते. वाटप झालं असतं नांगर १७, रहाट १४, होडी ७, अपक्ष ५. तुमची आणि नांगरची दोन-दोन खाती गेली असती, एवढीच किंमत. शिडीने नेमके हेच अपक्ष वापरून तुम्हाला पाडलं. गोव्यात २०१७ मध्ये ४० पैकी १७ जागा असलेला पक्ष विरोधात बसला आणि १३ वाल्याने तीन-तीन जागांचे दोन पक्ष आणि अपक्ष जोडून सरकार केलं. छोट्यांकडे आधी कोण पोचतं, याला फार महत्त्व असतं.

धागालेखिका:

दोघांचेही मनापासून आभार. वेंगुर्ल्याच्या दादांचा प्रतिसाद वाचल्यावर मी तो जुना चॅनल उघडून पुन्हा पाहिला. सरांच्या ओळीखाली आमच्या दोघांची हसण्याची चिन्हं अजून तशीच आहेत. त्यानंतर सरांनी लिहायला सुरुवात केली असावी, कारण त्या वेळी मी नांगरच्या मित्राला "सर काहीतरी टाइप करताहेत" असा निरोप पाठवलेला सापडला. पण त्यांचा पुढचा निरोप आलाच नाही, आणि मीही विचारलं नाही.

१८४ चा हिशोब मी आमच्या पक्षाच्या बैठकीत ठेवला. दोन खाती सोडायला लोक तयार आहेत. अडीच वर्षांसारखा कुठलाही करार यापुढे तिन्ही-चारही पक्षांच्या चॅनलवर तारखेसह लिहायचा, हेही ठरलं. नांगरच्या मित्राला मात्र हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, सगळं उघड लिहिलं तर शिडीला आयतं हत्यार मिळेल. मी त्याला सांगितलं की शिडीला ते तसंही मिळालंच होतं.

काल सरांना निरोप पाठवला. खात्याचं काही लिहिलं नाही. करार तुमच्यापासून लपून राहिला ही माझी चूक, आणि तुमच्या त्या ओळीवर हसलो तीही, एवढंच लिहिलं. सकाळी उत्तर आलं: "रविवारी चारनंतर फोन करा, अध्यक्षीणबाई." ते शेवटचे दोन शब्द मी तीनदा वाचले.

आता दादांना विशेष विचारते, कारण तुम्ही त्या बाजूचे आहात. फोनवर बंदराचा विषय मी स्वतःहून काढू, की सरांनी काढेपर्यंत थांबू?