फळ्यावर 'मंजूर' कधी लिहायचं? महापालिकेच्या सभांच्या बातम्यांबद्दल मदत हवी आहे

खडूफळा:

नमस्कार. मुंबईच्या गिरणगावातल्या आमच्या चाळीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीला लागून एक फळा आहे. चार फूट बाय तीन फूट, वर पत्र्याची पडवी, दर दिवाळीला काळा रंग. एकवीस वर्षं तो मी लिहिते आहे. माझ्याआधी वडील लिहायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा गेटवरच्या सभेत काय ठरलं ते संध्याकाळी ह्याच फळ्यावर यायचं. वडिलांचं अक्षर रस्त्यापलीकडून वाचता यायचं म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं होतं.

फळ्यावर काय असतं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. मयताची वेळ, पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, दहावीचे टक्के, रक्तदान, पोलिओचा डोस, हरवलेली किल्ली. सकाळी दूध घ्यायला आलेला माणूस पिशवी हातात धरून वाचतो. तेवढ्या वेळात वाचून होईल इतकंच लिहायचं, म्हणजे सात ओळी. चाळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पण तिथे दुपारपर्यंत सगळं वर सरकून जातं. फळा पुसेपर्यंत राहतो.

आता मुद्द्याचं. २०१९ मध्ये पेपरात दोन ओळींची बातमी होती की आमच्या जवळच्या पालिका शाळेच्या तळमजल्यावरच्या दोन बंद खोल्यांत अभ्यासिका सुरू करण्याची सूचना सभागृहात मंजूर झाली. मी फळ्यावर लाल खडूने लिहिलं, 'अभ्यासिका मंजूर'. मंडळाने पेढे वाटले. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा तेव्हा राज्यसेवेची तयारी करत होता. घरात सहा माणसं, म्हणून तो रात्री जिन्याच्या दिव्याखाली पाट टाकून बसायचा. तो दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "मावशी, चावी कुणाकडे असेल?" पुढच्या सोमवारी परत आला. जवळजवळ चार महिने दर सोमवारी येत होता. मग यायचा थांबला. आता तो भिवंडीला एका गोदामात कामाला आहे. त्या दोन खोल्या अजून बंद आहेत.

मी खोटं लिहिलं नव्हतं, पेपरात 'मंजूर' हाच शब्द होता. पण त्या मुलाने माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. सहा वर्षं झाली, तरी ते मनातून गेलेलं नाही.

त्यानंतर ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदतच संपली. जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नाहीत, सभा नाहीत, प्रशासकांनी काय ठरवलं ते पेपरात येईल तेवढंच. आता १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, २२७ नगरसेवक आले, सभा परत सुरू झाल्या. चाळीतल्या बायका विचारायला लागल्या आहेत की आपल्या गल्लीबद्दल काही बोलले का. मला फळ्यावर महिन्यातून एकदा सभेची बातमी द्यायची आहे आणि ह्या वेळी चुकायचं नाही.

तर सांगा. 'मंजूर' म्हणजे नेमकं काय? सभेला साध्या माणसाला बसता येतं का? आणि कागद मागायचा तर कुणाकडे, कोणत्या शब्दांत? एका कार्यालयात विचारलं तर "हे पब्लिकसाठी नसतं" असं ऐकून परत आले. ते खरं आहे का?

चिटणीस_खातं_निवृत्त:

ताई, मी पालिका चिटणीसांच्या खात्यात नोकरी केली. सभांची कार्यक्रमपत्रिका आणि इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, हेच आमचं काम. तुमचा प्रश्न वाचून दोनदा उठलो आणि परत बसलो, कारण तुमच्यासारखी चूक मोठमोठ्या बातम्यांत होते.

तुम्ही वाचलीत ती 'ठरावाची सूचना' होती. नगरसेवक ती मांडतो, सभागृह मंजूर करतं, पण तिचा शेवट काढून बघा. 'आयुक्तांना विनंती करण्यात यावी' किंवा 'प्रशासनाने कार्यवाही करावी' अशा अर्थाचं काहीतरी असतं. म्हणजे सभागृहाने मागणी मान्य केली, इतकंच. मग ती आयुक्तांकडे अभिप्रायाला जाते. अभिप्राय यायला महिने लागतात आणि तो 'शक्य नाही' असाही येतो. खर्चाच्या प्रस्तावाचं वेगळं. तो प्रशासनच आणतं, त्यात रक्कम असते, तो स्थायी समितीपुढे जातो. त्यानंतर कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा आदेश, निघाला की काम खरोखर सुरू होणार असं धरा. तुमच्या फळ्यावर 'मंजूर' हा शब्द फक्त रक्कम दिसली तर वापरा. बाकी वेळी 'मागणी मान्य, अभिप्राय यायचा आहे' असं लिहा. ओळ लांबते, पण त्या मुलाला चार महिने फेऱ्या माराव्या लागल्या नसत्या.

आणखी काही शब्द सांगतो, ते ऐकायला साधे आहेत आणि अर्थ वेगळा आहे. 'दप्तरी दाखल' म्हणजे कागद नीट जपून ठेवला असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात प्रस्ताव फेटाळला. 'राखून ठेवला' म्हणजे निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला, नकार नाही. 'फेरविचारासाठी परत' म्हणजे प्रशासनाने बदलून आणावा. आणि 'सभा तहकूब' वाचलंत तर लगेच भांडण झालं असं समजू नका. निधन पावलेल्या सदस्याला श्रद्धांजली वाहूनही तहकूब करतात, निषेध म्हणूनही करतात. कारण वाचल्याशिवाय लिहू नका.

बसता येतं का, तर हो. आपला कायदा १८८८ चा, मुंबई महानगरपालिका अधिनियम. त्यात महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, लोकांना खुली धरली आहे. हजर सदस्यांनी बहुमताने ठरवलं तरच दार बंद होतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची ती १८९३ ची इमारत तुम्ही बाहेरून शेकडो वेळा पाहिली असेल. ओळखपत्र घेऊन जा, दारावर पासाची विचारणा होईल. हे महासभेचं झालं. समित्यांच्या बैठकांना असा मुक्त प्रवेश गृहीत धरू नका, आधी विचारून जा.

तुमच्या गल्लीसाठी खरी बघण्यासारखी बैठक महासभा नव्हे, प्रभाग समितीची, म्हणजे तुमच्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीची. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर ह्या समित्या आल्या. पाणी, मलनिस्सारण, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा ह्यांच्या तक्रारी लवकर सोडवणं हे कायद्याने त्यांचं काम आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी द्यायचा अधिकारही त्यांना आहे. ७४,४२७ कोटींचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प पेपरात पहिल्या पानावर येतो. तुमच्या गल्लीतली तुंबणारी गटाराची झाकणं ह्या पाच लाखांच्या आतल्या कागदांत असतात, आणि तिथे बातमीदार फारसा जात नाही. शिवाय समितीवर बिगर सरकारी संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य नेमता येतात. तुमच्या प्रभाग समितीवर ते कोण आहेत ते शोधा. त्यांच्याशी ओळख ठेवलीत तर कार्यक्रमपत्रिका मिळवायला सोपं जाईल.

मुलुंडकरीण:

खडूफळाताई, काकांनी सभेचं सांगितलं, मी कागदाचं सांगते.

'पब्लिकसाठी नसतं' हे चुकीचं आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख, म्हणजे फाइली आणि कागद, बघू द्यायचे आहेत. अर्ज करून तीस दिवस वाट बघण्याआधी हे करून बघा. मी परिपत्रकाची छापील प्रत पिशवीत ठेवते. पहिल्यांदा नाही म्हणतात, प्रत पुढे केली की खुर्ची देतात. आवाज चढवायची वेळ माझ्यावर अजून आली नाही.

तिथे नाहीच झालं तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. 'अभ्यासिकेचं काय झालं' असं विचारू नका, कारण प्रश्नाला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत. 'अमुक ठरावाच्या सूचनेवरील आयुक्तांच्या अभिप्रायाची प्रत मिळावी' असं लिहा. पानाला दोन रुपये पडतात. तीस दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील.

आमच्याकडे परिसर व्यवस्थापनाचा, म्हणजे आपल्या गल्लीची काळजी घेणाऱ्या रहिवाशांचा, गट आहे. १९९७ च्या सुमाराला घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये लोकांनी कचऱ्यावरून सुरुवात केली, तसलाच. आम्ही महिन्याच्या बैठकीचा एक कागद लिफ्टशेजारी लावतो आणि कागदाखाली नेहमी लिहितो की हे कुठून कळलं. 'इतिवृत्तावरून', 'सभेला हजर होतो', किंवा 'नगरसेवकांनी सांगितलं'. ह्या तीनही गोष्टी माणसं वेगवेगळ्या वजनाने वाचतात. तुमच्या सात ओळींतली एक त्याला द्या. भांडणं निम्मी कमी होतात, हा स्वतःचा अनुभव.

दादर_पश्चिम:

एवढंच सुचवतो, बातमीबरोबर तारीख घालाच, आणि जुनी बातमी पुसताना 'पुढे काय झालं' हे कोपऱ्यात ठेवा. आमच्या गल्लीतल्या फळ्यावर 'रस्त्याचं काम लवकरच' हे वाक्य दीड वर्ष होतं. कुणी पुसलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

खडूफळा:

काका, मुलुंडच्या ताई, दादरचे दादा, तिघांचे आभार. काकांचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं आणि मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं. 'दप्तरी दाखल' चा अर्थ ऐकून आमचे खजिनदार गप्पच झाले. २०२० मध्ये आमच्या व्यायामशाळेच्या पत्र्यांबद्दल हेच दोन शब्द पेपरात आले होते आणि आम्ही सगळे पत्रे येण्याची वाट बघत होतो.

परवा सोमवारी परिपत्रकाची प्रत घेऊन गेले. आधी "साहेब नाहीत" झालं, मग एका मॅडमनी फाइल काढून दिली. पाऊण तास बसले. अभ्यासिकेवरचा अभिप्राय सापडला, एकाच परिच्छेदाचा. खोल्या शिक्षण खात्याच्या ताब्यात आहेत आणि त्या खात्याची संमती आल्यावर विचार करता येईल, असं त्यात आहे. म्हणजे नकारही नव्हता. फक्त संमती मागणारं पत्र फाइलीत कुठे दिसलं नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ह्या फाइलीत तरी नाही.

उद्यासाठी फळ्याचा मजकूर असा केला आहे. काका, एकदा बघाल का?

'शाळेतली अभ्यासिका. २०१९ ला सभागृहाने मागणी मान्य केली होती, मंजुरी मिळाली नव्हती. तेव्हा फळ्यावर चुकीचं लिहिलं होतं. अभिप्राय : शिक्षण खात्याची संमती हवी. संमतीचं पत्र फाइलीत नाही. मंडळ नगरसेवकांना पत्र देणार आहे, सही करायला संध्याकाळी सात वाजता या. (फाइल स्वतः पाहिली, सोमवार.)'

चिटणीस_खातं_निवृत्त:

ताई, मजकूर चांगला आहे. एकच बदल करा. 'संमतीचं पत्र फाइलीत नाही' च्या जागी 'पाहिलेल्या फाइलीत संमतीचं पत्र दिसलं नाही' असं लिहा. ते शिक्षण खात्याच्या फाइलीत असू शकतं आणि कुणी ते काढून दाखवलं तर तुमची बाकीची ओळही खोटी ठरवतील. नगरसेवकांना पत्र देताना ठरावाच्या सूचनेचा क्रमांक आणि तारीख सगळ्यात वर घाला, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

खडूफळा:

बदल केला. लिहिताना सात ओळींच्या नऊ झाल्या, म्हणून पोलिओची तारीख खाली डाव्या कोपऱ्यात सरकवली. भिवंडीच्या मुलाच्या आईला आधी घरी जाऊन वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याची धाकटी बहीण बारावीला आहे, सही मी करते.