सह्याद्रीत धुक्यात चालायला कुठला कंपास घ्यावा?

प्रश्न:
मंडळी, गेल्या जुलैत पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो, देवळाकडून कोकणकड्याकडे निघालो आणि दहा मिनिटांत असं धुकं आलं की पुढचा माणूस दिसेना. मोबाइल भिजून टच चालेना, आणि ढोरवाटा तर सगळ्या सारख्याच. कडा कुठे तुटतो कळेना म्हणून शेवटी तासभर एका जागी बसून राहिलो. आता कंपास घ्यायचाच आहे. घरात ऑनलाइन मागवलेला हिरवा, मिलिटरी टाइप झाकणाचा एक आहे, चारशे रुपयांचा, पण त्याची तबकडी दर वेळी वेगळंच दाखवते. बजेट तीन-चार हजार. काय बघून घेऊ?

प्रतिसाद १:
बसून राहिलात ते फार बरं केलंत. हिरवा बाजूला ठेवा, पारदर्शक बेसप्लेटचा (खाली सपाट प्लास्टिकची पट्टी असलेला), आत द्रव भरलेला घ्या, सिल्वा किंवा सुंटोचा साधा मॉडेलसुद्धा चालेल. तो नकाशावर थेट ठेवता येतो. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट (डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारे नकाशे) 1:50,000 च्या, म्हणजे 2 सेंमीला 1 किमी, तर पट्टीवर तीच स्केल आहे ना ते बघा, काहींवर 1:24,000 असते ती अमेरिकन नकाशांची, आपल्याला उपयोग नाही. दुकानात टेबलावर सपाट ठेवून किल्ली जवळ न्या, सुई हलली की किल्ली लांब करा, असं पाच-सहा वेळा. दर वेळी सुई त्याच अंशावर थांबली पाहिजे. आत मोठा बुडबुडा असेल तर घेऊ नका.

प्रतिसाद २:
वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबर, पण झोन, म्हणजे कंपास जगाच्या कुठल्या भागासाठी बनवलाय ते, बघायला विसरू नका!! भाच्याने स्वीडनहून आणलेला माझा कंपास इथे अडकायचा, सुईचं दक्षिण टोक खाली टेकायचं. तिकडे चुंबकीय बल जमिनीत 70 अंशांच्या वर तिरकं शिरतं, मुंबईकडे साधारण 25-30, आणि सुई तिकडच्या हिशोबाने तोललेली असते. म्हणून इथल्या झोनचा नाहीतर ग्लोबल, म्हणजे कुठेही चालणाऱ्या सुईचा घ्या. डेक्लिनेशन, म्हणजे सुईची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक, जुळवायच्या स्क्रूसाठी जादा पैसे नकोत, महाराष्ट्रात तो फरक जेमतेम अंशभर.

प्रतिसाद ३:
कंपास कितीही चांगला असो, कातळावर ठेवून रीडिंग घेऊ नका. आपला काळा बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, आणि माथ्यावर जिथे वीज पडलेली असते तिथला दगड तर सुई चांगलीच फिरवतो. छातीशी धरा, चार पावलं बाजूला जाऊन परत बघा, दोन्ही जुळले तरच विश्वास ठेवा. आणि चुंबकाचं कव्हर असलेला मोबाइल त्याच खिशात अजिबात नको, सुईचे ध्रुव उलटे होऊ शकतात, मग उत्तर म्हणून दक्षिणेला चालाल.

प्रश्नकर्ता:
ताई, दादा, मनापासून आभार. आत्ताच किल्लीची टेस्ट केली, हिरव्याने 348, 10, 22 असं काहीही दाखवलं, आणि माझ्या मोबाइलच्या कव्हरला चुंबक आहेच, दोन्ही एकाच कप्प्यात ठेवायचो. नवीन आला की सराव कुठे करू?

प्रतिसाद १:
पाऊस उघडला की सकाळी सिंहगडावर जा. राजगड साधारण 210 अंशांवर आणि पुरंदर 110 च्या आसपास यायला हवा. नकाशावर त्या दोन किल्ल्यांवरून, मोजलेल्या दिशेच्या बरोबर उलट, रेघा ओढा, छेद सिंहगडावर पडेपर्यंत पावसातल्या पठारावर जाऊ नका.