फर्मवेअरला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, वायफाय दिसेना. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, ओळ सापडली, 'फर्मवेअर फेल्ड टू लोड' आणि पुढे कंसात -२. मित्रांसाठी मराठीत टिपण लिहितोय. 'ड्रायव्हर सापडला नाही' असं लिहिलं तर चालेल? की 'स्थिरप्रणाली' म्हणू?

उत्तर : 'ड्रायव्हर' अजिबात लिहू नका. याच गल्लतीपायी माझी एक अख्खी रात्र ड्रायव्हर काढण्यात आणि परत टाकण्यात गेली. ड्रायव्हर म्हणजे उपकरण हाताळणारा प्रोग्राम, तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात चालतो. फर्मवेअर वायफायच्या चिपवर, तिच्या स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर. ही ओळ उमटली म्हणजेच ड्रायव्हर जागेवर आहे, फाइल त्यानंच मागितली. -२ चा अर्थ 'अशी फाइल नाही', एवढाच.

'स्थिर'ही पटत नाही. आशर ऑप्लर यांनी १९६७ साली 'डेटामेशन' मासिकात हा शब्द वापरला तो प्रोसेसरच्या मायक्रोकोडसाठी, म्हणजे त्याच्या आतल्या सूक्ष्म आज्ञांसाठी. सॉफ्ट आणि हार्डच्या मधलं, म्हणून फर्म. पुढे रॉममध्ये कायमच्या बसवलेल्या प्रोग्रामलाही तो चिकटला. पण बहुतेक वायफाय चिपांतलं फर्मवेअर वीज गेली की पुसलं जातं. दर वेळी कर्नल ते /लिब/फर्मवेअर मधून उचलून चिपकडे पाठवतो. 'स्थिर' वाचणाऱ्याला वाटेल, ते चिपमध्येच आहे. मग तो डिस्कवर फाइल कशाला शोधेल? मी 'फर्मवेअर'च ठेवेन, सॉफ्टवेअरसारखं नपुंसकलिंगी, आणि पहिल्या उल्लेखाला 'चिपची आज्ञावली' असं जोडेन.

दुसरं उत्तर : क्रियापदाकडेही बघा. फाइल डिस्कवर ठेवणं म्हणजे 'बसवणं', ती चिपवर पाठवणं म्हणजे 'चढवणं'. दोन्हीला 'टाकणं' म्हटलं की घोळ होतो. फर्मवेअर बसवलेलं असूनही चढत नाही, असं खरंच घडतं : काही ड्रायव्हर बूटच्या सुरुवातीलाच इनिटरॅमएफएसमधून (मेमरीत उघडणाऱ्या फाइलींच्या छोट्या संचातून) सुरू होतात, तेव्हा मुख्य डिस्क जोडलेलीच नसते. त्या छोट्या संचात फाइल नसेल तर पुन्हा तोच -२. 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवून संच नव्यानं बांधावा लागतो.

आणि दर -२ म्हणजे बिघाड नव्हे. काही ड्रायव्हर आधी सर्वांत नव्या क्रमांकाची फाइल मागतात, नाही मिळाली की एकेक पायरी खाली येतात. पुढच्या ओळीत फर्मवेअर चढल्याचं दिसलं तर वरची ओळ सोडून द्या.

डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, अशी बरीच फर्मवेअरं इन्स्टॉलरसोबतच येतात. ११ मध्ये 'नॉन-फ्री' (मुक्त परवाना नसलेल्या पॅकेजांचा) विभाग चालू करून फर्मवेअरचं पॅकेज बसवा.

प्रश्नकर्ता : बसवलं, रीबूट केलं, नेटवर्कची यादी आली! वाक्य असं केलंय : 'वायफायच्या चिपवर फर्मवेअर चढलं नाही, कारण त्याची फाइल सापडली नाही.'

दुसरं उत्तर : छान. फक्त फाइलचं पूर्ण नाव त्यात घाला, वाचणारा तेच शोधणार आहे.