मदत हवी आहे : परराष्ट्रमंत्र्यांचा तक्ता कसा मांडू?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतरच्या परराष्ट्रमंत्र्यांचा तक्ता लावायचा आहे. काम माझ्या गळ्यात पडलंय. सोपं वाटलं होतं, पण कार्डशीट आता खोडरबराने पार मळलीय.

पहिली अडचण नेहरू. 1947 ते 1964 पंतप्रधान तेच आणि परराष्ट्र खातंही त्यांच्याचकडे. पुढे इंदिराबाईंनीही हे खातं काही काळ स्वतःकडे ठेवलं. अशांची वेगळी ओळ करायची, की नावापुढे खूण पुरेल? स्वर्णसिंग तर दोनदा येतात. मग ते एक धरायचे की दोन?

यशवंतरावांपाशी मी जरा जास्तच रेंगाळलोय, आम्ही कराडकडचे ना! संरक्षण, गृह, अर्थ करून 1974 मध्ये ते या खात्यात आले आणि 1977 पर्यंत राहिले. त्याच काळात, 1976 मध्ये, के. आर. नारायणन राजदूत म्हणून चीनला गेले. 1962 नंतर दोन्हीकडे राजदूतच नव्हते. या काळातली यशवंतरावांची परराष्ट्र धोरणावरची मराठी भाषणं कुठे वाचायला मिळतील?

आणखी एक. जयशंकर 2015 ते 2018 परराष्ट्र सचिव होते, 2019 मध्ये मंत्री झाले. त्यांच्यानंतर सचिव झाले ते विजय गोखले. सचिवांचा रकाना शेजारीच घेऊ का? गर्दी होईल, पण खातं रोज चालवणारी माणसं तीच.

कुणी असा तक्ता केला असेल तर फोटो टाका प्लीज. रविवारी शाईने गिरवायचंय.